गोंग वस्तादांचं शेवटचं छत

आमच्या नदीकाठच्या गावात छताला दोन परीक्षा द्याव्या लागत, आणि दोन्ही गोंग शाओबो वस्तादांनी घालून दिलेल्या होत्या.

पहिली दिव्याची. गिलावा वाळला, पुट्टी घासून झाली, की खिडक्यांवर चादरी टाकून खोली अंधारी करायची. मग लांब वायरीचा हातदिवा छताला चिकटवून आडवा धरायचा. समोरच्या उजेडात दुधाच्या सायीसारखं दिसणारं छत आडव्या उजेडात खरं बोलायला लागतं. हात जिथे थकला तिथे लाट दिसते, जिथे घाई झाली तिथे खळगा. दुसरी परीक्षा बोटाच्या पेराची. पेराने ठोकायचं. भरीव छताचा आवाज कोरडा आणि आखूड येतो, पोकळ छत ढब करतं.

दिव्यात लाट सापडली की वस्ताद शिष्याला शिडीवर चढवत. त्याचा तळहात धरून त्या लाटेवर ठेवत आणि घरमालकाच्या माणसांसमोर विचारत, "हा हात कुणाचा?"

शिष्याने म्हणायचं, "माझा."

मोठ्याने म्हणायचं. जितक्या लाटा तितक्या वेळा. मग ते सगळं खरवडून पुन्हा करायचं.

फू मानछांग नावाचा एक शिष्य होता. एकोणीस वर्षांचा असताना कापडवाल्याच्या घरी एका संध्याकाळी तो अकरा वेळा "माझा" म्हणाला. त्या घरच्या दोन मुली जिन्यात बसून मोजत होत्या. सातव्याला त्या हसल्या. पुढच्या महिन्यात मानछांगने काम सोडलं. वस्ताद म्हणाले, "गेला ते बरं झालं. हात नव्हताच त्याला."

छुनई ही वस्तादांची बायको. तिनेही एकदा तो शब्द म्हटला होता. लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा. ती त्यांना माल कालवून द्यायची, बादल्या वर चढवायची. गिरणीच्या मॅनेजरच्या दिवाणखान्यात दिवा लावायच्या आधीच तिला कोपऱ्यातला एक उंचवटा दिसला. ती हळूच म्हणाली, "अहो, तिथे जरा फुगलंय." तो हात वस्तादांचा होता, त्या कोपऱ्यात दुसरं कुणी कामच केलं नव्हतं. वस्ताद म्हणाले, "तुला काय दिसतं?" पण मॅनेजरची बायको ऐकत होती. म्हणून त्यांनी छुनईला शिडीवर चढवलं, तिचा चुन्याने फाटलेला तळहात त्या उंचवट्यावर ठेवला आणि विचारलं, "हा हात कुणाचा?" मालात गुठळी राहिली असेल तर दोष कालवणारीचा, असा त्याचा अर्थ.

"माझा," छुनई म्हणाली.

त्यानंतर चौतीस वर्षं तिने कुठल्याही छताबद्दल तोंडातून शब्द काढला नाही. वस्ताद मात्र ते वाक्य विसरले नाहीत. भाजीत मीठ कमी आहे म्हणाली, आभाळ भरून आलंय म्हणाली, मुलगा उदास दिसतो म्हणाली, तरी उत्तर एकच. तुला काय दिसतं?

आता वस्ताद सदुसष्टचे झाले होते. गेल्या चार वर्षांत त्यांना कुणी छतासाठी बोलावलं नव्हतं. लोक जिप्समचे बोर्ड मारून घेत. तीन दिवसांत सगळं सपाट. वस्ताद त्या घरांवरून जाताना मान वर करत नसत. पण घरी त्यांची हत्यारं भिंतीला ओळीने टांगलेली असत. थाप्या, गुरमाळे, आणि छताची किनार ओढायचे पत्र्याचे साचे. दर रविवारी ते त्यांना तेल लावत.

त्यांच्या एकुलत्या मुलाचं, लुशेंगचं, लग्न ठरलं. नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर घर घेतलं. वस्तादांनी त्याच दिवशी सांगून टाकलं, "बाकी घराचं काय करायचं ते करा. नवरा-नवरीच्या खोलीचं छत मी करणार. किनारसुद्धा हाताने ओढणार. एकट्याने. माझं पोर माझ्या हाताखाली झोपलं पाहिजे, कारखान्याच्या फळीखाली नाही."

हे ते ज्याला त्याला सांगत सुटले. चहावाल्याला, मासळीवालीला, नदीवर सोंगट्या खेळणाऱ्या म्हाताऱ्यांना. आयुष्यात दुसरं काही मागायचं उरलेलंच नसावं, तसे.

विहीणबाई, म्हणजे मुलीच्या आई, मोजकं बोलणाऱ्या बाई. बावीस वर्षं त्यांनी डोळ्यांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काढलेली. त्यांची एकच अट होती. पलंगाच्या बरोब्बर वर दिवा लोंबकळता कामा नये, झोपलेल्या माणसाच्या छातीवर तो भार होतो. हे आमच्याकडे सगळेच पाळतात. तेव्हा उजेड कडेने यावा, किनारीच्या आत लपवलेल्या दिव्यांच्या पट्टीतून, आणि छतावर पसरावा. दिवा दिसू नये, नुसता उजेड दिसावा. मुलीने, निंगने, मोबाइलवर चित्रंही दाखवली. छत हवेत तरंगत असल्यासारखी खोली.

पट्ट्या घ्यायला सगळे गेले ते मानछांगच्याच दुकानात. गावात दिव्यांचं आणि छतांचं तेवढं एकच मोठं दुकान. मानछांग आता पंचेचाळिशीला टेकलेला, पोट सुटलेलं, हाताखाली नऊ माणसं. वस्ताद दिसताच तो गल्ल्यावरून उठला आणि त्याने दोन्ही हातांनी सुपारीची पुडी पुढे केली.

"वस्ताद. दुकान पवित्र झालं."

"दुकान कसलं," वस्ताद सुपारी गालात सारत म्हणाले, "वखार आहे ही फळ्यांची."

भिंतीवर किनारींचे तुकडे टांगले होते, धुरावर टांगलेल्या मांसाच्या पट्ट्यांसारखे. वस्तादांनी एकेकाला पेराने ठोकलं. "हे फोमचं. नखाने निघतं. हे साच्यातलं. सगळ्या गावाची एकच किनार, जशी सगळ्यांनी एकाच न्हाव्याकडे केस कापलेत." आणि खिशातून त्यांनी आपला साचा काढला. पत्र्यात कापलेली तीन पायऱ्यांची आणि एका फुगीर पोटाची रेघ. "ही मी ओढणार."

"सुरेख," मानछांग म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. "छतापासून किती खाली सोडणार?"

"चार बोटं."

"आठ सोडा, वस्ताद. आणि पट्टी भिंतीकडे तोंड करून बसवू. उजेड भिंतीवर आपटून मग वर जातो, मऊ होतो. चार बोटांत तो छताला घासत जातो."

"घासू दे की."

गल्ल्यापाशी आणखी तीन गिऱ्हाइकं होती. मानछांगने आवाज थोडा चढवला. कदाचित पंख्याचा आवाज होता म्हणून, कदाचित नाही. "मग असं करा, आधी वर बोर्ड मारून घ्या. मी माणसं देतो. आडवा उजेड कुणालाच सोडत नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. छुनईला वाटलं, हेच जर त्याने कानात सांगितलं असतं तर. पण चारचौघांत ते सांगून झालं होतं, आणि चारचौघांत त्याला होय म्हणणारा माणूस गोंग शाओबो नव्हता.

"बोर्ड तुझ्या छतांना लागतात," वस्ताद म्हणाले. "माझ्या छतावर रात्रंदिवस दिवा लावून ठेव. काही सापडलं तर मला दाखव."

"तेही खरंच," मानछांग म्हणाला, आणि त्याने टेबलावर पट्ट्या उलगडल्या. खोलीभर लांब, चिकट पाठीच्या, बारीक दिव्यांचे मणी लावलेल्या. "ह्या विरळ मण्यांच्या. छतावर ठिपके दिसतात, मुंग्यांची रांग चालल्यासारखी. ह्या दाट. ह्यांवर दुधी आवरण. रंग तीन. पांढरा, मधला, पिवळसर."

"पांढरा नको," निंग म्हणाली. "लग्नाच्या खोलीत बसून काय रडायचंय?"

"पिवळसर. लोण्यासारखा," लुशेंग म्हणाला. "आणि मंद असू दे."

वस्तादांनी पेटलेली विरळ पट्टी डोळ्यांजवळ धरली, मग दाट. "ठिपके कुठे आहेत? सगळ्या सारख्याच आहेत. गिऱ्हाइकाला फसवायचे धंदे."

सगळे हसले. म्हातारा टोमणा मारतोय असं त्यांना वाटलं. छुनई हसली नाही. विहीणबाईही हसल्या नाहीत. त्या पट्टीकडे बघतच नव्हत्या, वस्तादांच्या बुबुळांकडे बघत होत्या.

मग त्या म्हणाल्या, "लपवायचंच काही नाही तर मंद कशाला? सगळ्यात प्रखर कुठली ती द्या."

मानछांगने क्षणभर वाट पाहिली. वस्तादांनी हनुवटी हलवली.

"वस्ताद म्हणतील तसं," तो म्हणाला आणि पट्टी गुंडाळायला लागला.

वस्तादांनी अठरा दिवस काम केलं. लाकडी घोडीवर चढून, मान मोडून, डाव्या हाताने उजव्या कोपराला टेकू देत. लुशेंगने मदतीला माणूस पाठवला, त्याला दारातून परत धाडलं. छुनई रोज दुपारी डबा घेऊन सहा मजले चढायची, कारण लिफ्ट अजून सुरू झाली नव्हती. भात, तिखटात घोळलेला मुळा, कधी धुरातल्या मांसाचे दोन काप. ते खाली उतरून भिंतीला पाठ टेकून जेवत, आणि त्यांच्या भुवयांवरून पांढरी भुकटी भातात पडे.

किनार सुंदर झाली होती, हे सांगितलं पाहिजे. साचा भिंतीवरून सरकतो तेव्हा डोळ्याला काम नसतं, पत्राच सगळं जाणतो. तीन पायऱ्या आणि पोट खोलीभर एका श्वासात फिरलं होतं. छताचं मात्र तसं नसतं. तिथे पत्रा नसतो. तिथे फक्त डोळा आणि हात.

एकोणिसाव्या दिवशी वस्तादांनी खिडक्यांवर चादरी लावल्या, जुना हातदिवा जोडला आणि छुनईला हाक मारली.

"ये. बघ."

त्यांनी दिवा छताला आडवा लावला.

आमची नदी ओसरते तेव्हा काठच्या गाळात पाण्याच्या वळ्या उमटून राहतात. तसं ते छत होतं. दारापासून खिडकीपर्यंत लाटेमागे लाट. खांदा जिथे दुखला तिथली, कोपर जिथे घसरलं तिथली, थापी बदलली तिथली. अठरा दिवसांतला प्रत्येक थकवा तिला वाचता येत होता. मधोमध, जिथे पलंग येणार होता, तिथे तळहाताएवढा खळगा होता आणि त्यात काळोख साचला होता.

वस्ताद दिवा सरकवत गेले, टोकापासून टोकापर्यंत, हळूहळू. तोंड थोडं उघडं, जसं देवाच्या मिरवणुकीकडे बघताना असतं.

"साय," ते म्हणाले. "साय आहे नुसती."

मग त्यांनी तळहात फिरवून पाहिला. त्या हाताला आता चपलेच्या तळव्याएवढी जाड कातडी होती. हातालाही सायच लागली.

छुनई उभी होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. लग्नाला महिना होता. तिने कालवून दिलं असतं, दोघांनी मिळून आणखी एक थर ओढला असता, ती खालून सांगत गेली असती, इथे, अजून इथे. दहा दिवसांचं काम.

"तोंड का असं केलंयस?" वस्ताद वरून म्हणाले. "तुला काय दिसतं?"

"मला काय दिसतं," छुनई म्हणाली.

ते हसले. दिवा विझवून खाली उतरले आणि त्यांनी उरलेला मुळा संपवला.

आमच्याकडे लग्नाआधी मुलीकडचे नवं घर बघायला येतात. विहीणबाई आल्या, व्याही आले, निंग आली. पट्टीचं शेवटचं कनेक्शन द्यायला मानछांग स्वतः आला, माणूस पाठवता आला असता तरी. वस्ताद धुतलेला सदरा घालून दारात उभे होते. त्यांनी सगळ्यांना खोलीत नेऊन ओळीने उभं केलं आणि पडदे ओढले.

"लाव," ते मानछांगला म्हणाले.

मानछांगने बटण दाबलं.

चारही बाजूंनी उजेड एकदम निघाला आणि छताला घासत मधोमध आला. दिवा दिसत नव्हता, नुसता उजेड दिसत होता, अगदी चित्रातल्यासारखा. आणि त्या उजेडात छत उकळत्या पेजेसारखं दिसत होतं.

व्याही खोकले. लुशेंगने बापाकडे बघितलं आणि मग जमिनीकडे. निंगने आईचा दंड धरला.

वस्ताद मान वर करून उभे होते. चेहऱ्यावर लोणी सांडल्यासारखा तो पिवळा उजेड पडला होता, आणि ते हसत होते. वाट बघत होते.

"काय म्हणता, विहीणबाई?"

विहीणबाई म्हणाल्या, "असं छत मी आजवर पाहिलं नाही."

"पाहणार कुठून," वस्ताद म्हणाले.

मग व्याही आणि वस्ताद बाहेरच्या खोलीत चहा घेत बसले आणि बाकीचे स्वयंपाकघरात गोळा झाले. छुनई कप विसळत होती. कुणी तिला बाहेर जा म्हणालं नाही. ती तिथे आहे हे फारसं कुणाच्या लक्षातही आलं नसावं.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय," विहीणबाई म्हणाल्या. "दुकानातच कळलं मला. त्यांना उजेड दिसतो, उजेडात काय आहे ते दिसत नाही."

"मी त्याच्याखाली झोपणार नाही," निंग म्हणाली. "लग्नाच्या रात्री पहाटेपर्यंत दिवा विझवायचा नाही म्हणता. मग काय, रात्रभर लाटा मोजू?"

"मंद पट्टी म्हणत होतो मी," लुशेंग पुटपुटला. "आता सांगितलं तर सगळं पाडून पुन्हा स्वतःच करतील. तेही असंच होईल."

मानछांग हात धुवायला आला होता. तो नळाखाली बोटं चोळत म्हणाला, "चार दिवस द्या. किनार तोडतो, बोर्ड मारतो, तयार किनार बसवतो, तीन पायऱ्यांची बघून आणतो. कळण्याचा प्रश्नच नाही. दिसलं तर कळणार."

"आणि तुमची मजुरी?" लुशेंगने विचारलं.

"गुरुदक्षिणा समजा."

निंग हसणार होती, तिने ओठ दाबले.

"लग्नानंतर मी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून आणते," विहीणबाई म्हणाल्या. "चांगला डॉक्टर आहे ओळखीचा. मग त्यांना स्वच्छ दिसेल. आणि दिसेल तेव्हा सपाट छतच दिसेल. सगळ्यांचं भलं आहे यात." त्या हे मनापासून म्हणत होत्या. वॉर्डात रोग्याला काय सांगायचं आणि काय नाही, हे ठरवत त्यांचं आयुष्य गेलं होतं. "फक्त बोर्ड बसेपर्यंत ते खोलीत जायला नकोत."

लुशेंग छुनईकडे वळला. "आई, तू सांग त्यांना. पलंग मांडला म्हण. तुझ्यावर संशय घेणार नाहीत."

मुहूर्तावर पलंग मांडला, की लग्नाचा दिवस उजाडेपर्यंत त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. आणि न मांडलेला पलंग मांडला म्हणून सांगणं किती वाईट, तेही माहीत असतं. छुनईने शेवटचा कप पालथा घातला.

"सांगते," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने सांगितलं. वस्तादांना आनंद झाला. "चांगलं केलंत. पलंग मांडला म्हणजे खोली भरली. छत कोऱ्या खोलीत एकटं राहू नये." ते नेम पाळणारे होते. लग्नाला उरलेल्या नऊ दिवसांत त्यांनी खोलीचं नाव काढलं नाही. फक्त एकदा पलंगाखाली ठेवायच्या संत्र्यांची पिशवी घेऊन ते निघाले, दाराबाहेर ठेवून येतो म्हणाले. छुनई मागोमाग गेली.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पोती ठेवलेली होती. फाटक्या तोंडातून गिलाव्याचे तुकडे बाहेर आलेले. एक हातभर लांब तुकडा पायरीवर पडला होता, तीन पायऱ्या आणि एक पोट, मधोमध तुटलेला. वस्तादांचा पाय त्यावर पडला आणि चुरचुरला.

"कुणीतरी छत पाडलंय," ते म्हणाले.

"वरच्यांचं असेल," छुनई म्हणाली.

"कच्चं असणार. पक्कं काम पाडवत नाही कुणाला." त्यांनी पायाने तो तुकडा बाजूला सारला आणि वर चढायला लागले. मग धाप लागली म्हणून थांबले, आणि पिशवी तिच्या हातात देऊन म्हणाले, "तूच ठेवून ये."

लग्नाच्या दिवशी सकाळपासून त्या खोलीत दिवा लावलेला होता. भिंतीला लाल कागद, पलंगावर लाल गाद्या, त्यांवर शेंगदाणे आणि खारका पसरलेल्या. नवरी यायला तास होता. पाहुण्यांची रीघ लागली होती, आणि वस्ताद एकेक घोळका घेऊन खोलीच्या दारात येत होते.

"वर बघा. खाली काय बघता, गाद्या सगळ्यांच्या सारख्याच असतात."

पाहुणे वर बघत. छत तळ्यासारखं होतं, वारा नसतानाच्या. चहावाला, सोंगट्यावाले म्हातारे, मासळीवाली, वस्तादांचे जुने दोन शिष्य. गावात गोष्ट कधीच पसरली होती. मानछांगच्या नऊ माणसांनी ती कुणाला सांगितली नसेल, असं होणं शक्य नव्हतं. सगळे वर बघत आणि सगळे म्हणत, वा. सोंगट्यावाला एक म्हातारा म्हणाला, "या वयात असा हात." मासळीवाली म्हणाली, "अंगावर पडेल की काय वाटतंय, इतकं गुळगुळीत," आणि तोंड फिरवून बाहीत हसली. छुनई खिडकीपाशी शेंगदाण्यांची परात घेऊन उभी होती आणि प्रत्येक वा ऐकत होती.

तेवढ्यात छतावरून आडव्या लावलेल्या लाल कागदी माळेचं एक टोक सुटून खाली आलं.

"थांबा, मी लावतो," लुशेंग म्हणाला.

"तू नवरा आहेस आज. सरक." वस्ताद स्टुलावर चढले. त्यांनी माळेचं टोक किनारीला अडकवलं, चिकटपट्टी दाबली. आणि मग, जसा शिंपी कापड हातात आलं की अंगठ्याने चोळतो, तसं काही मनात न आणता त्यांनी उजव्या हाताचं पेर छतावर ठोकलं.

ढब.

आवाज मोठा नव्हता. दारातल्या लोकांना तो ऐकूही गेला नसेल. छुनईला गेला.

वस्ताद थांबले. त्यांनी एक वीतभर पुढे ठोकलं. ढब. किनारीवर ठोकलं. तिथून फोमचा मेलेला आवाज आला. त्यांनी नख लावलं. पांढरा कण निघून त्यांच्या बाहीवर पडला.

त्यांचा हात वरच होता. ते खाली बघायला लागले. डोळे धुरकट होते, पण माणसं कशी उभी आहेत हे त्यांना कळत असावं. कारण खोली गप्प झाली होती, आणि त्या गप्प होण्यात सगळंच होतं. लुशेंग बापाच्या बुटांकडे बघत होता. जुने शिष्य दाराच्या चौकटीकडे.

मानछांग पाहुण्यांमधून पुढे आला. नवा कोट, हातात दारूचे दोन लहान पेले. तो स्टुलाजवळ उभा राहिला आणि त्याने एक पेला दोन्ही हातांनी वर धरला.

"वस्ताद," तो म्हणाला. आवाज आदराचा होता, त्यात काही खोट काढता आली नसती. "सगळे विचारतायत. हा हात कुणाचा?"

दारातले सगळे वस्तादांकडे बघत होते. विहीणबाईंकडचे नातेवाईक होते, गावातली निम्मी माणसं होती. खाली रस्त्यावर फटाके सुरू झाले. नवरीची गाडी वळणावर आली होती. नाही म्हटलं तर मुलाच्या लग्नात विहीणबाई खोट्या ठरत होत्या, मुलगा खोटा ठरत होता, मुहूर्तावर मांडलेला पलंग खोटा ठरत होता. होय म्हटलं तर.

वस्तादांचा तळहात अजून छतावर टेकलेला होता.

"माझा," ते म्हणाले.

"ऐकू नाही आलं मागे," मानछांग म्हणाला. "फटाक्यांमुळे."

"माझा," वस्ताद मोठ्याने म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मानछांगने आपला पेला एका दमात रिकामा केला. वस्तादांनीही केला, कारण शिष्याने दोन हातांनी दिलेला पेला ठेवून देत नाहीत. मग लोक नवरीला बघायला खाली धावले.

जेवणं झाली, नवरा-नवरीला खोलीत पोचवून झालं. दोघं नदीकाठाने घराकडे चालत निघाली. वस्ताद पुढे, छुनई दोन पावलं मागे. पुलापाशी चहावाल्याने हाक मारली, "वस्ताद, मन तृप्त झालं असेल आज." त्यांनी हात वर केला.

घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरची हत्यारं उतरवली आणि पोत्यात भरली. पत्र्याचे साचे शेवटी. तीन पायऱ्यांचा साचा हातात घेऊन ते बराच वेळ उभे राहिले. पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवत, जिन्यातलं काहीतरी आठवत असल्यासारखे.

"दिवा लावला होता त्या दिवशी," ते तिच्याकडे पाठ करून म्हणाले, "तू खाली उभी होतीस."

"होते."

"तुला दिसलं होतं?"

चौतीस वर्षांत पहिल्यांदाच ते खरोखर विचारत होते. त्यांना उत्तर हवं होतं, आणि कुठलंही चाललं असतं. छुनईने चुलीवर पाणी ठेवलं, झाकण लावलं.

"मला काय दिसतं," ती म्हणाली.